दोन वर्षांचा करार

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापकांकडून एक फॉर्म आला. प्रश्न एकच होता: करार संपल्यावर तुम्ही या शाळेत राहणार आहात का? उत्तराला तीन आठवड्यांची मुदत. माझा करार दोन वर्षांचा, आणि तो संपायला अजून आठ महिने होते. प्रयोगवह्यांचा गठ्ठा तपासायचा पडला होता, मुलगी नुकती कुठे एका मैत्रिणीकडे राहायला जाऊ लागली होती, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये आपण कुठे असू याचं उत्तर मला आत्ता द्यायचं होतं. शेजारच्या वर्गावर एक बाई होत्या, त्यांची ही पाचवी शाळा. त्यांना म्हटलं, एवढ्या लवकर कसं सांगू? त्या म्हणाल्या, "लवकर कुठे? हा विचार उन्हाळ्याच्या सुट्टीतच व्हायला हवा होता."

परदेशातल्या आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवायचं तर आधी ही चाल अंगवळणी पडावी लागते. इथली प्रत्येक पायरी आपल्या मनाची तयारी होण्यापूर्वीच समोर येते. मी ते चुकत चुकत शिकले. आता दुसऱ्या देशात, दुसऱ्या शाळेत आहे. जायच्या विचारात असलेले शिक्षक विचारतात तेव्हा मी त्यांना माझ्या बाबतीत काय काय घडलं तेच सांगते. दोन्ही देशांची नावं मुद्दाम देत नाही, कारण यातल्या बहुतेक गोष्टी कुठेही अशाच घडल्या असत्या.

परदेशी जाण्यापूर्वी, पहिल्या वर्षी मी शोध मार्चमध्ये सुरू केला. परीक्षा आटोक्यात आल्या होत्या, थोडी फुरसत मिळाली, म्हणून मार्च. तोवर रसायनशास्त्राच्या बऱ्याच जागा भरून झाल्या होत्या. या शाळांचं वर्ष बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं, दक्षिण गोलार्धातल्या अनेक शाळांत जानेवारीच्या सुमारास. राहणार-जाणारचे फॉर्म ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरून घेतात, त्यामुळे कुठली जागा रिकामी होणार हे शाळेला तेव्हाच कळतं आणि जाहिराती लगेच सुरू होतात. बँकॉक, लंडन अशा शहरांतले भरतीमेळावे जानेवारीच्या आसपास होतात, पण हल्ली त्याआधीच व्हिडिओवर बऱ्याच निवडी उरकलेल्या असतात. मार्चनंतर जागा निघतात त्या कुणी ऐनवेळी माघार घेतल्यामुळे. मला त्या वर्षी दोन शाळांनी उत्तर पाठवलं आणि दोन्हींनी नकार दिला. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तयार होते.

तयार म्हणजे काय, तर शिफारशींसकट तयार. भरती करणाऱ्या संस्था तुमच्या वरिष्ठांकडून गोपनीय अभिप्राय थेट मागवतात. तो तुम्हाला दाखवत नाहीत. आणि त्यातला एक तरी सध्याच्या मुख्याध्यापकांचा लागतो. म्हणजे नवी नोकरी मिळण्याच्या कितीतरी आधी हातातल्या नोकरीत जाऊन सांगावं लागतं की मी जायचा विचार करते आहे. हे मला फार जड गेलं. मी दोनदा केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी सांगितलं तेव्हा मुख्याध्यापक काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आत्ता सांगितलंस ते बरं केलंस, मेमध्ये सांगितलं असतंस तर मला त्रास झाला असता." त्यांनी अभिप्राय लिहिला. काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही.

पहिली मुलाखत मी ज्या प्रश्नावर गमावली तो प्रश्न असा: एखादं मूल तुमच्याकडे येऊन म्हणालं, मला काहीतरी सांगायचं आहे पण तुम्ही कुणाला सांगायचं नाही, तर काय कराल? मी मनापासून उत्तर दिलं की मी त्या मुलाचा विश्वास मोडणार नाही. समोरचे दोघं लिहीत होते ते थांबले. पुढची फेरी झालीच नाही. नंतर एका अनुभवी शिक्षकांनी मला समजावून सांगितलं. मुलाला गुपित ठेवण्याचं वचन कधीच द्यायचं नाही. शांतपणे ऐकायचं, खोदून खोदून विचारायचं नाही, मुलाचे शब्द आहेत तसे लिहून काढायचे आणि शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे त्याच दिवशी जायचं. मुलालाही तसं सांगायचं: तुझ्या मदतीसाठी मला हे एका व्यक्तीला सांगावं लागेल. मी इतकी वर्षं शिकवत होते आणि हे मला कुणी शिकवलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. २०१४ साली आंतरराष्ट्रीय शाळांच्या संघटनांनी बालसंरक्षणासाठी एक संयुक्त कार्यगट नेमला, आणि तेव्हापासून शाळांची छाननी खूप कडक होत गेली आहे. नोकऱ्यांमधल्या प्रत्येक खंडाचा हिशोब विचारतात. तुम्ही राहिलेल्या प्रत्येक देशातला पोलिसांचा दाखला मागतात. त्यातून एक कामाची गोष्ट: देश सोडण्यापूर्वीच तिथला पोलीस दाखला हातात घ्या. निघून गेल्यावर तोच दाखला दुरून मागवायचा तर बोटांचे ठसे, दूतावास, पोस्ट यांत महिने जातात.

मुलाखतीत आपणही विचारायचं असतं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. "आंतरराष्ट्रीय" हा शब्द कुणीही पाटीवर लावू शकतं. जिनिव्हात १९२४ साली अशी शाळा निघाली ती राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. आज कित्येक शाळांत बहुसंख्य मुलं त्याच देशातली असतात आणि पालकांना त्यांना परदेशी विद्यापीठात पाठवायचं असतं. दोन्ही प्रकारच्या शाळा चांगल्या असू शकतात, पण तिथलं शिकवणं वेगवेगळं असतं. म्हणून मी विचारायला लागले: वर्गात किती मुलांची पहिली भाषा इंग्रजी आहे? ही जागा का रिकामी झाली? गेल्या पाच वर्षांत मुख्याध्यापक किती वेळा बदलले? शाळेला कुणाची मान्यता आहे? आयबी, केंब्रिज ही अभ्यासक्रमाची नावं झाली. पूर्ण शाळा तपासून मान्यता देणाऱ्या सीआयएस, एनईएएससी, डब्ल्यूएएससी अशा संस्था वेगळ्या, आणि कुठली शाळा त्यांच्या यादीत आहे हे घरबसल्या पाहता येतं. शाळेने मला एका शिक्षिकेशी बोलायला दिलं, त्या सगळं छान आहे म्हणाल्या. मी मग आदल्या वर्षी शाळा सोडलेल्या एकांना शोधून काढलं. त्यांनी तासभर बोलून सांगितलं की शाळा प्रामाणिक आहे, पगार कधी चुकला नाही, पण संध्याकाळी साडेपाचपर्यंत सुटका नाही आणि आठवड्याला दोन क्लब घ्यावे लागतात. हे ऐकून मी निश्चिंत झाले. दोषांसकट शाळा दिसली की विश्वास ठेवता येतो.

करार आला तो एका शुक्रवारी, सही करून सोमवारी परत पाठवा असं म्हणत. नवरा आणि मी दोन रात्री तो वाचला. एका वहीत प्रश्न लिहीत गेलो. पगाराचा आकडा कर कापण्याआधीचा की नंतरचा? कुठल्या चलनात? बारा महिने की दहा? पहिला पगार नेमका कुठल्या तारखेला? ही तारीख क्षुल्लक वाटते, पण जुलैच्या शेवटी पोचून पहिला पगार सप्टेंबरअखेर मिळणार असेल, तर मधले दोन महिने घराच्या अनामत रकमेसकट आपल्या खिशातून काढावे लागतात. घर शाळेचं की भत्ता? विमा कुटुंबाला लागू आहे का, आधीपासून असलेल्या आजाराला आहे का, सुट्टीत मायदेशी आजारी पडलो तर आहे का? नवऱ्याला ज्या व्हिसावर नेणार त्यावर नोकरी करता येते का? मध्येच सोडलं तर काय भरून द्यावं लागतं, आणि शाळेने काढलं तर शाळा काय देते?

नोकरीच्या शेवटी मिळणाऱ्या रकमेबद्दल तर फारच कमी जण विचारतात. अनेक देशांत परदेशी शिक्षकाला निवृत्तिवेतन नसतं, त्या जागी ही रक्कम असते. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढच्या वर्षांसाठी ३० दिवसांचा मूळ पगार देण्याची तरतूद आहे. यातला "मूळ" हा शब्द महत्त्वाचा. शाळेने एकूण पगारातला मोठा वाटा भत्त्यांमध्ये दाखवला असेल तर शेवटी हाती येणारी रक्कम बरीच लहान होते. म्हणून पगाराची फोड करारातच पाहावी. आणि म्हातारपणाची सोय तिथली शाळा करणार नाही, हे धरून पहिल्या पगारापासून आपणच काही बाजूला काढायला लागावं. मी हे एक वर्ष उशिरा सुरू केलं.

वहीतले सतरा प्रश्न मी ईमेलने पाठवले. उत्तरं आली, बरीचशी नीट होती. दोन प्रश्न मात्र मी आधीच फोनवर विचारले होते म्हणून ईमेलमध्ये घातले नाहीत. एक, दरवर्षी घरी जायचं तिकीट मिळतं का? मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी फोनवर हो म्हटलं होतं. करारात लिहिलं होतं "रुजू होताना आणि करार पूर्ण झाल्यावर". मला वाटलं, त्या हो म्हणाल्या आहेत ना. पहिल्या उन्हाळ्यात तिकिटाचे पैसे मागायला गेले तेव्हा त्या बाई शाळा सोडून गेल्या होत्या आणि नव्यांनी करार उघडून ती ओळ दाखवली. तिघांची तिकिटं आमच्या पैशांनी काढली. दुसरा प्रश्न मुलीच्या फीचा. फी माफ म्हणजे शिकवण्याची फी माफ. बस, जेवण, सहल आणि टॅब्लेट हे सगळं वेगळं होतं. शाळेने फसवलं असं मी म्हणणार नाही, कारण करारात सगळं लिहिलेलं होतं. पण फोनवर कुणी काहीही कबूल केलं, तर त्याच दिवशी "आपलं आज असं बोलणं झालं, ते बरोबर आहे ना" अशी चार ओळींची ईमेल पाठवायची, ही सवय मला त्या तिकिटांनी लावली.

मग कागद, म्हणजे पदवी वगैरे कागद खरे आहेत असा सरकारी शिक्का मिळवणं, साक्षांकन. या टप्प्याला मी सहा आठवडे धरले होते, लागले सोळा.

पहिली अडचण अशी की माझं पदवी प्रमाणपत्र मी वीस वर्षांपूर्वी जपून राहावं म्हणून लॅमिनेट करून घेतलं होतं. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का मारता येत नाही म्हणून ते परत आलं. विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढण्यात पाच आठवडे गेले. दुसरी अडचण नावाची. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. या दोन बाई एकच आहेत हे सिद्ध करायला विवाह प्रमाणपत्र, आणि मग त्या विवाह प्रमाणपत्राचंही साक्षांकन. ज्या बायकांनी लग्नानंतर नाव बदललं आहे त्यांनी हा कागद पदवीच्या कागदाबरोबर पहिल्या दिवशीच कामाला लावावा, शाळा मागो न मागो.

साक्षांकनाची वाट प्रत्येक देशासाठी सारखी नाही. १९६१ च्या हेग करारातल्या देशांमध्ये अपोस्टिल नावाचं एकच प्रमाणपत्र पुरतं. जिथे जायचं तो देश त्या करारात नसेल तर आधी आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग त्या देशाच्या दूतावासाचा, आणि कित्येकदा पोचल्यावर तिथल्या खात्याचाही. हेही बदलत राहतं. सौदी अरेबियात तो करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ ला, कॅनडात ११ जानेवारी २०२४ ला. त्यामुळे त्याआधी तिथे गेलेल्या मैत्रिणीने सांगितलेली वाट आज बंद किंवा अनावश्यक झालेली असू शकते. शाळेला लेखी विचारा की कुठले कागद, कुठल्या क्रमाने, किती महिन्यांच्या आतले. पोलीस दाखल्याला मुदत असते, म्हणून तो सगळ्यांत आधी काढला तर सगळ्यांत आधी बाद होतो. माझा झाला.

व्हिसाबद्दल मी एका गोष्टीवर अडून बसले आणि ते बरं झालं. कागद लांबले तेव्हा शाळेच्या एजंटने सुचवलं की पर्यटक व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून घेऊ. मी नाही म्हटलं. पर्यटक व्हिसावर वर्गात उभं राहणं म्हणजे बहुतेक देशांत बेकायदा काम करणं, आणि पकडलं गेलं तर शिक्षा शिक्षकालाही होते. मी दहा दिवस उशिरा रुजू झाले, पण कामाच्या व्हिसावर उतरले. उतरल्यावरही घड्याळ चालू असतं. चीनमध्ये, उदाहरणार्थ, कामाच्या झेड व्हिसावर आल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. परवाना झाल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी बँकेत खातं उघडत नाही, खात्याशिवाय पगार जमा होत नाही. मूळ कागद विमानात हातातल्या पिशवीत ठेवा. आणि पासपोर्ट शाळेकडे द्यावा लागला तर कशासाठी दिला आणि कधी परत मिळणार हे लिहून घ्या.

आता वर्ग.

माझ्या सातव्या इयत्तेच्या वर्गात बावीस मुलं होती आणि घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा नऊ. पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली आणि तीन मुलांची नावं इतकी चुकीची उच्चारली की वर्ग हसला, ती तिघं हसली नाहीत. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकाला स्वतःचं नाव म्हणायला लावलं आणि ऐकलं तसं हजेरीवहीत देवनागरीत लिहिलं. सगळेच आवाज आपल्या लिपीत बसत नाहीत, तिथे मी माझ्या खुणा केल्या. दोन वर्षं ती वही माझ्या टेबलावर होती आणि मुलं येऊन "माझं नाव यात कुठे आहे" म्हणून त्या अक्षरांवर बोट ठेवायची.

त्या वर्गात एक मुलगा होता. ऑगस्ट ते नोव्हेंबर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. प्रयोगाच्या निष्कर्षाची जागा कोरी. मी त्याला विषयात कच्चा धरलं आणि पालकसभेच्या आधीच्या टिपणात तसं लिहिलंसुद्धा. आयबीच्या मिडल इयर्स (मधल्या इयत्तांच्या) कार्यक्रमात विज्ञानाचे गुण चार निकषांवर स्वतंत्र देतात, प्रत्येक निकष आठपैकी: ज्ञान आणि आकलन, प्रयोगाची आखणी, निरीक्षणांची मांडणी आणि मूल्यमापन, विज्ञानाच्या परिणामांचा विचार. मी मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने मनात एकच बेरीज करत होते आणि मग ती चार खणांत वाटत होते. माझं टिपण वाचून, इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांना मदत करणाऱ्या शिक्षिका माझ्याकडे आल्या. त्यांनी त्याची घनतेच्या प्रयोगाची वही उघडून माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "हा आलेख कुणी काढला?"

आलेख त्यानेच काढला होता. अक्षांना एकक होतं, मापपट्टी योग्य होती, एक बिंदू रेषेपासून दूर पडला होता तर त्याने त्याला वर्तुळ करून शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं. पुन्हा मोजून नवा बिंदूही दिला होता. तिसऱ्या निकषात तो वर्गातल्या पहिल्या तिघांत होता आणि मी त्याला आठपैकी तीन दिले होते, कारण त्याने वाक्य लिहिलं नव्हतं. त्या बाईंनी मला सांगितलं की नव्या भाषेत पडलेली काही मुलं कित्येक महिने काही बोलत नाहीत, फक्त ऐकत असतात, आणि तो काळ शिकण्याचाच असतो. पुढच्या प्रयोगात मी त्याला निष्कर्ष त्याच्या भाषेत लिहायला सांगितलं. त्याने पानभर लिहिलं. त्याच्या भाषेच्या एका सहायक शिक्षिकेने मला ते वाचून दाखवलं. ते पान वर्गातल्या सर्वांत चांगल्या निष्कर्षांपैकी होतं. मी टिपण बदललं आणि पालकसभेत त्याच्या आईला आलेख दाखवला. चार निकष वेगळे का ठेवले आहेत हे मला त्या मुलाने समजावलं, प्रशिक्षणाच्या तीन दिवसांनी नाही.

ज्यांनी मला ते पान वाचून दाखवलं त्या सहायक शिक्षिका त्याच देशातल्या होत्या. त्यांच्याकडेही पदवी होती, त्या त्याच शाळेत अकरा वर्षं होत्या आणि त्यांचा पगार माझ्या पगाराच्या आसपासही नव्हता. बाहेरून आणलेले शिक्षक एका वेतनश्रेणीत, स्थानिक दुसऱ्या, हे बऱ्याच शाळांत असतं. मला ते अन्यायाचं वाटतं. मी ते बदलू शकले नाही. त्यांचं नाव प्रत्येक अहवालात घालणं आणि माझ्या नियोजनाच्या बैठकांना त्यांना बोलावणं एवढं माझ्या हातात होतं, ते केलं. नवीन येणाऱ्यांना मी हेच सांगते की त्या माणसांशी आधी ओळख करा. शाळा कशी चालते ते त्यांना ठाऊक असतं, आणि आपण गेल्यावरही ती तिथे असतात.

घरची बाजू मी कमी लेखली होती. नवऱ्याच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. करार वाचताना ते आम्हाला दिसलं होतं, आणि दोन वर्षं तर आहेत, असं म्हणून आम्ही सही केली होती. पहिले तीन महिने त्याने घर लावलं, मुलीला शाळेत रुळवलं. चौथ्या महिन्यात तो संध्याकाळी मला विचारायला लागला की आज शाळेत काय झालं, आणि मी इतकी दमलेली असायची की काहीच सांगायची नाही. माझ्याकडे सहकारी होते, वर्ग होता, ओळख होती. त्याच्याकडे दिवस होता. आमचं भांडण असं कधी झालं नाही, पण त्या दोन वर्षांत तो माणूस शांत होत गेला. ऑक्टोबरच्या त्या फॉर्मवर मी "नाही" अशी खूण केली त्याचं खरं कारण हे होतं. शाळा मला आवडत होती. दुसरी शाळा शोधताना माझ्या यादीतली पहिली अट होती की जोडीदाराला काम करता येईल असा देश हवा. पगार थोडा कमी झाला.

मुलीचं आणखी वेगळं. या शाळांत दर जूनमध्ये वर्गातली काही मुलं देश सोडून जातात. आई-वडिलांची बदली, करार संपणं. रूथ हिल यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात परदेशात वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास करताना "तिसऱ्या संस्कृतीतली मुलं" असा शब्द वापरला, तो आज या शाळांत रोज ऐकू येतो. मुलीची पहिली मैत्रीण पहिल्याच जूनमध्ये गेली. नंतरच्या मे महिन्यात माझ्या लक्षात आलं की मुलगी नव्या मैत्रिणींना घरी बोलावत नाही. विचारलं तर म्हणाली, "आता आपण जाणारच आहोत ना." आठ वर्षांची होती. आम्ही जायचं ठरवलं तेव्हा तिला लगेच सांगायचं की शेवटी, यावर मी आणि नवऱ्याने खूप विचार केला होता आणि नोव्हेंबरातच सांगितलं होतं. ते बरोबर केलं की नाही, मला अजून सांगता येत नाही. एवढं खरं की निरोप घ्यायला तिला वेळ मिळाला. कुणाकुणाला भेटायचं याची यादी तिने स्वतः केली आणि एकेकाला भेटून नाव खोडत गेली.

निघतानाचं काम येतानापेक्षा किचकट असतं, आणि तेव्हा मदत करायला कुणी नसतं. शाळेचं लक्ष नव्या शिक्षकांकडे लागलेलं असतं. मी एप्रिलमध्ये सुरुवात केली. पोलीस दाखला. पदनाम, विषय आणि तारखा असलेलं सेवेचं पत्र, शाळेच्या लेटरहेडवर, सही आणि शिक्क्यानिशी. सगळ्या पगारपावत्या उतरवून घेतल्या, कारण शाळेच्या ईमेलचं दार शेवटच्या दिवशी बंद होतं. मुलीचे निकाल आणि लसींची नोंद. कर भरल्याचा दाखला. घराची अनामत परत मिळायला घरमालकाबरोबर फिरून घेतलेले फोटो कामाला आले. ते मी राहायला गेले त्या दिवशीचे होते. बँकेचं खातं मात्र शेवटपर्यंत बंद केलं नाही, कारण शेवटची रक्कम करार संपल्यानंतर पाच आठवड्यांनी जमा झाली. घाईने खातं बंद करून गेलेल्या एका सहकाऱ्याला तीच रक्कम मिळवायला पुढचं अर्धं वर्ष गेलं. आणि व्हिसा कुठल्या तारखेला रद्द होणार हे विचारून मगच तिकीट काढा.

माझ्या जागी येणाऱ्या शिक्षिकेसाठी मी फाइल तयार केली. मला आल्यावर जे कुणी सांगितलं नव्हतं ते सगळं त्यात घातलं: तिसऱ्या क्रमांकाचा तराजू ०.२ ग्रॅम जास्त दाखवतो, धूरपेटीचा (प्रयोगातले वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा) पंखा लावल्यावर मिनिटभर थांबावं लागतं, कुठल्या मुलाला वाचायला जास्त वेळ लागतो, कुणाच्या घरी आता फक्त वडील आहेत. आयबी डिप्लोमाची (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांची) माझी तुकडी मेमध्ये परीक्षा देऊन मोकळी झाली होती, त्यामुळे कुणाला अर्ध्या वाटेवर सोडावं लागलं नाही. दोन वर्षांच्या त्या अभ्यासक्रमावर शिकवणाऱ्यांनी सोडायचं वर्ष निवडताना हे ध्यानात ठेवावं.

हजेरीवही द्यायची होती, पण नव्या बाईंना देवनागरी येत नव्हती. मग शेवटच्या आठवड्यात शाळेची परवानगी काढून शाळेच्याच टॅब्लेटवर मी मुलांचे आवाज घेतले. ती आता आठवीत होती. प्रत्येकाने एकेक करून यायचं, आपलं नाव म्हणायचं, जसं हाक मारलेलं आवडतं तसं. तो मुलगा सहावा आला. नाव म्हणाला, जागेवर जाऊन बसला, आणि मी पुढच्या मुलीला बोलवत होते तेवढ्यात परत उठून आला. म्हणाला, "मिस, मी घाईत म्हटलं. त्यांना कळणार नाही. परत घ्या."

मी परत घेतलं.